लंडनला असते म्हणजे नेमकी कुठे?

‘आमची मुलगी लंडनला असते’ असं सांगणाऱ्या आया आता तालुक्याच्या गावातही चार-दोन तरी भेटतात. जरा खोदून विचारलं की कळतं, लंडनमध्ये जावयाचं ऑफिस आहे. राहायला दोघं आगगाडीनं अर्ध्या-पाऊण तासावरच्या एखाद्या लहानशा गावात! आमच्या कॉलनीतल्या एका ताईंची मुलगीही अशीच. गावाचं नाव लेचवर्थ.

परवा ताई कागद-पेन घेऊनच आल्या. मुलगी-जावई तिथे घर घ्यायचं म्हणताहेत, मार्जिन मनीला कमी पडतंय. ‘हायवेलगतचा आपला प्लॉट विकून पाठवू का गं?’ हा त्यांचा प्रश्न. आता मी काही बँकेतली नाही की वकील नाही. पण बचत गटातल्या बायकांचे घरकुलाचे फॉर्म भरून देता देता एक गोष्ट मला पक्की कळली आहे. घराचा प्रश्न हा आधी जमिनीचा प्रश्न असतो. म्हणून त्या गावाबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि मैत्रिणींनो, चकितच झाले. कारण हे गाव वसवलं गेलं तेच मुळी ‘जमिनीची वाढलेली किंमत कुणाची?’ या एका प्रश्नावर.

लेचवर्थ लंडनच्या उत्तरेला, साधारण ५५ किलोमीटरवर, हर्टफर्डशायर परगण्यात आहे. वस्ती तेहतीस-चौतीस हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. जलद गाडीनं लंडनचं किंग्ज क्रॉस स्टेशन अर्ध्या तासावर आणि उलट्या दिशेनं केंब्रिजही जवळपास तेवढंच. सकाळी डबा-लॅपटॉप घेऊन स्टेशन गाठायचं, संध्याकाळी परत. आपल्या कर्जत-बदलापूरचंच चित्र, फक्त लटकणारी माणसं नाहीत. दुतर्फा झाडांचे रुंद रस्ते, खरबरीत पांढऱ्या गिलाव्याच्या भिंती, उतरती लाल कौलं, प्रत्येक घराला पुढे-मागे बाग. गाडी फिरवायचा गोल चौक ब्रिटनमध्ये पहिल्यांदा झाला तो याच गावात, १९०९ च्या सुमाराला, अशी पाटीच तिथे लावलेली आहे.

हे गाव ज्याच्या डोक्यातून निघालं तो एबनेझर हॉवर्ड ना इंजिनीअर होता, ना बिल्डर. तरुणपणी अमेरिकेत जाऊन नेब्रास्कात शेती करून पाहिली, ती फसली. परत येऊन लंडनला पार्लमेंटमधली भाषणं लघुलिपीत उतरवून घ्यायची नोकरी धरली. दिवसभर पुढाऱ्यांची भाषणं ऐकायची आणि घरी जाताना लंडनच्या कोंदट वस्त्या बघायच्या! १८९८ मध्ये त्यानं एक पुस्तक लिहिलं. शहरात काम आहे पण हवा-उजेड नाही, खेड्यात हवा-उजेड आहे पण काम नाही. मग दोन्हीतलं चांगलं उचलून तिसरंच गाव का वसवू नये, असा त्याचा सवाल. लोक त्याला ‘उद्याननगरी’ म्हणून ओळखतात आणि बागांवरच थांबतात. पण बागा ही वरवरची गोष्ट.

खरी गोम जमिनीत होती. हॉवर्ड म्हणत होता, शेतजमीन शेतीच्या भावात घ्या. तिथे रस्ते, शाळा, कारखाने, स्टेशन आलं की भाव वाढणारच. ही वाढ कुणा एका जमीनमालकाच्या कष्टानं झालेली नसते. ती तिथे राहायला आलेल्या, काम करणाऱ्या सगळ्यांमुळे होते. तेव्हा जमीन विकायचीच नाही. ती गावाच्या सामायिक मालकीची ठेवायची, घर बांधणाऱ्याला भाडेपट्ट्यानं द्यायची आणि आलेल्या भाड्यातून गावाची कामं करायची. १९०३ मध्ये यासाठी कंपनी निघाली, सुमारे ३,८०० एकर जमीन घेतली गेली. भागधारकांना वर्षाला पाच टक्क्यांपेक्षा जास्त नफा वाटायचा नाही, वरचं गावाला, असं ठरलं. एकरी बारापेक्षा जास्त घरं नकोत हा रेमंड अन्विन या नगररचनाकाराचा आग्रह. भोवती शेतीचा पट्टा राखायचा. शहराच्या मध्यात दारूचं दुकान नाही, आणि तेही गावकऱ्यांच्या मतानं! कित्येक दशकं हा नियम टिकला. (आपल्याकडे बाटली आडवी करायला बायकांना किती खेटे घालावे लागतात, ते आठवलं.)

पण घरं? १९०५ मध्ये इथे स्वस्त घरांचं प्रदर्शन भरलं. दीडशे पौंडांत मजुराला परवडेल असं घर बांधून दाखवा, अशी ती स्पर्धा. शंभरावर घरं उभी राहिली. कुणी लाकडाची बांधली, कुणी सिमेंटच्या तयार भिंती आणून जोडल्या. बघायला हजारो माणसं लोटली. गंमत म्हणा की शोकांतिका, ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता त्या गवंडी-बिगाऱ्यांना ते भाडंही झेपेना. ते शेजारच्या जुन्या, दाटीच्या गावांतून सायकल मारत यायचे, दिवसभर उद्याननगरी बांधायचे आणि संध्याकाळी आपल्या कोंदट खोलीत परत जायचे. आज त्या दीडशे पौंडांच्या घरांना काही लाख पौंड मोजावे लागतात आणि ‘वारसा’ म्हणून त्यांचं कौतुक होतं.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे घरातल्या बाईकडे, येऊ. अन्विनचं म्हणणं, कामकऱ्यांच्या छोट्या घरात पाहुण्यांसाठी वेगळी बैठकीची खोली म्हणजे जागेची नासाडी. त्यापेक्षा एकच मोठी, उजेडाची राहती खोली करा. कागदावर किती पटतं! पण पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, सरकारनं घरांबद्दल बायकांचं मत घ्यायला बायकांचीच एक उपसमिती नेमली. समितीनं कामगार बायकांना जाऊन विचारलं, तेव्हा त्यांनी न्हाणीघर मागितलं, गरम पाणी मागितलं आणि ती वेगळी खोलीसुद्धा मागितली. आजारी माणूस, अभ्यास करणारं पोर, आलं-गेलं, यांच्यासाठी स्वयंपाकाच्या धुरापासून आणि पसाऱ्यापासून बाजूला एक दार लागणारी खोली हवी, हे ज्या घर चालवतात त्यांनाच कळणार. घरकुलाच्या एका खोलीत लग्नाळू मुलगी, सासरे आणि दहावीचा मुलगा एकत्र असलेली घरं मी पाहते, तेव्हा त्या इंग्रज बायका मला अगदी आपल्याच वाटतात.

लेचवर्थमध्ये त्याहून धाडसी प्रयोग झाला तो स्वयंपाकघराचा. १९१० च्या सुमाराला ‘होम्सगार्थ’ नावाची इमारत बांधली गेली. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र बिऱ्हाड, पण स्वयंपाकघर आणि जेवणघर सगळ्यांचं मिळून एक. हॉवर्ड स्वतः बायकोसह तिथे राहिला. पुढे महायुद्धाच्या काळात नोकरी करणाऱ्या एकट्या बायकांसाठी ‘मेडो वे ग्रीन’ ही घरं झाली. स्वयंपाकाला पगारी बाई, आणि काय करायचं, किती आणायचं हे ठरवायची पाळी राहणाऱ्यांनी आपसात वाटून घ्यायची. शंभर वर्षांपूर्वी! कामावरून दमून आल्यावर ‘आता भाजी कुठली करू’ हा प्रश्नच नको. पुढे ती सामायिक स्वयंपाकघरं बंद पडली, इमारतींचे नेहमीसारखे फ्लॅट झाले. मला मात्र आपल्या पोळी-भाजी केंद्रांकडे पाहताना नेहमी वाटतं, हे बांधकामाच्या नकाशातच का नसावं? याच गावात कॉर्सेट, म्हणजे बायकांचे कंबर आवळणारे कपडे, बनवणारा ‘स्पिरेला’चा मोठा कारखाना होता. आत वाचनालय, आंघोळीची सोय, कसरतीचे वर्ग, डोळ्यांची फुकट तपासणी. हजारो बायकांनी तिथे नोकरी केली. बायकांनी ते कपडे घालणंच सोडल्यावर १९८९ मध्ये तो कारखाना बंद झाला, आता तिथे ऑफिसं आहेत.

गाव वाढलं, तशी जमिनीची किंमतही वाढली. मग ज्यांचं लक्ष जायला नको त्यांचं गेलंच. नफ्यावरची मर्यादा सैल झाली होती. १९६० च्या सुमाराला लंडनच्या ‘हॉटेल यॉर्क’ या कंपनीनं एमी रोझ या बाईंच्या पुढाकारानं शेअर विकत घ्यायला सुरुवात केली आणि ताबा मिळवला. म्हणजे साठ वर्षं गावानं वाढवलेली किंमत एका घासात! लेचवर्थकर गप्प बसले नाहीत. पार्लमेंटपर्यंत गेले, १९६२ मध्ये खास कायदा करून घेतला आणि जमीन सार्वजनिक महामंडळाकडे आणली. १९९५ मध्ये आणखी एक कायदा होऊन ती ‘हेरिटेज फाउंडेशन’ या धर्मादाय संस्थेकडे गेली. आज दुकानं, ऑफिसं, शेतं यांचं भाडं या संस्थेकडे जमा होतं आणि ते गावावरच खर्च करायचं असं कायद्यानं बांधलेलं आहे. गावातलं १९३६ सालचं थिएटर तीच चालवते, गावाभोवती बावीस किलोमीटरची पायवाट तिनंच केली.

मग ताईंची लेक परवडणाऱ्या घरात का नाही?

कारण दुकानं-शेतं त्या सामायिक टोपलीत राहिली, पण घरं हळूहळू बाहेर पडली. १९६७ च्या कायद्यानं भाडेपट्ट्यावर राहणाऱ्यांना खालची जमीनही विकत घ्यायचा हक्क मिळाला. राहणाऱ्याच्या दृष्टीनं हे योग्यच होतं, पट्टा संपला की घर जाणार ही टांगती तलवार कुणाला हवी? पण त्याबरोबर किंमतवाढही गावाची न राहता ज्याच्या-त्याच्या खिशात गेली. १९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं नगरपालिकेच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तीच घरं मोठ्या सवलतीत विकत दिली. लाखो कामकरी कुटुंबं मालक झाली, त्यात कितीतरी बायकांना पहिल्यांदा हक्काचं छप्पर मिळालं. पण विकलेल्या घरांच्या जागी तितकी नवी बांधली गेली नाहीत. इंग्लंडमध्ये २०२४ साली अशा सरकारी भाड्याच्या घरांसाठी तेरा लाखांवर कुटुंबं रांगेत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही सवलत कमी केली गेली.

त्यात लंडनभोवती ‘हरित पट्टा’ आहे. तिथे सहसा बांधकाम करू देत नाहीत. शेतं वाचतात, आणि त्या पलीकडच्या, रेल्वे असलेल्या गावांवर सगळा भार येतो. लंडनचा पगार असलेला माणूस गाडीचा वर्षाचा काही हजार पौंडांचा पास काढूनही लेचवर्थमध्ये घर घेतो. गावातल्या शाळेतली मदतनीस, दुकानातली मुलगी, म्हाताऱ्यांची सेवा करणारी बाई त्याच्याशी कशी बोली लावणार? पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्याच्या वर्षाच्या कमाईच्या किती पट घर, हा हिशेब तिथे सरकार दरवर्षी मांडतं. इंग्लंडमध्ये १९९७ साली साडेतीन पट होतं, २०२४ मध्ये साडेसात पटीच्याही वर. आणि बाईचा हिशेब आणखी वेगळा! ‘विमेन्स बजेट ग्रुप’नं २०१९ मध्ये दाखवलं होतं की पुरुषाला घरासाठी आठ वर्षांच्या पगाराएवढी रक्कम लागत असेल, तर बाईला बारा वर्षांहून जास्त. कारण तिचा पगार कमी आणि मुलं-बाळं सांभाळायला अर्धवेळ काम. जिचा संसार मोडतो तिची तिथली वाट घरभाड्याशीच अडते, हे वाचून मला आमच्या समुपदेशन केंद्रातले चेहरे आठवले.

त्यामुळेच तिथेही ‘आई-बापाची बँक’ असा शब्द रूढ झालाय. ज्यांच्या आई-वडिलांचं घर आहे त्यांनाच घर मिळतं. आमच्या ताई म्हणजे त्या बँकेची भारतातली शाखा!

आता ताईंचा कागद. त्या भागात घराची सरासरी किंमत चार लाख पौंडांच्या आसपास. दहा टक्के मार्जिन म्हटलं तरी चाळीस हजार पौंड, पौंडाला ११५ ते १२० रुपये धरले तर ४६ ते ४८ लाख. एवढं ताईंनी मांडलं होतं. जे मांडलं नव्हतं ते मुद्रांक शुल्क, आणि इथेच आपल्याकडच्या बऱ्याच कुटुंबांची गाडी अडते. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला तिथे सवलत आहे. एप्रिल २०२५ पासूनच्या दरानं चार लाखांच्या घरावर पाच हजार पौंड पडतात. पण ‘पहिल्यांदा’ म्हणजे जगात कुठेही पहिल्यांदा! जावयाच्या नावावर पुण्याला फ्लॅट आहे, लग्नाआधी हप्ते भरून घेतलेला. असा फ्लॅट असेल तर सवलत जातेच, वर दुसऱ्या घराचा म्हणून ऑक्टोबर २०२४ अखेरीपासून पाच टक्के जादा कर लागतो. चाळीस हजार पौंडांहून कमी किमतीची मालमत्ता धरत नाहीत, पण पुण्यातला फ्लॅट आता त्याच्या आत कुठला बसायला? मिळून तीस हजार पौंड. पाच हजार कुठे नि तीस हजार कुठे! ताई म्हणाल्या, ‘मग एकट्या मुलीच्या नावानं घेऊ.’ तर नवरा-बायको एकत्र राहत असतील तर या करासाठी दोघांना एकच धरतात. आपल्याकडे बाईच्या नावावर घर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, तिथे तसलं काही नाही.

तिला फ्लॅट घ्यायचा असेल तर आणखी एक बघायला हवं. इंग्लंडमध्ये फ्लॅट बहुतेक भाडेपट्ट्यानंच मिळतात. पट्ट्याची किती वर्षं उरली आणि वर्षाचा मेंटेनन्स किती, हे आधी विचारावं. २०२२ पासून नव्या पट्ट्यांवर भुईभाडं घेता येत नाही, जुन्यांवर ते असू शकतं. लेचवर्थमधल्या बंगलीवजा घरांनाही, जमीन स्वतःची झाली तरी, बाहेरून खिडकी-दार बदलायचं तर त्या फाउंडेशनची परवानगी लागते. आणि हप्त्याचं म्हणाल, तर तिथे व्याजाचा दर दोन किंवा पाच वर्षांपुरता बांधलेला असतो, नंतर नव्यानं ठरतो. २०२२ च्या सप्टेंबरात लिझ ट्रस सरकारच्या अर्थसंकल्पी घोळानंतर व्याज भडकलं, तेव्हा नेमकी ज्यांची मुदत संपली त्यांचे हप्ते शेकडो पौंडांनी वाढले. भाड्यानं राहणं आता पूर्वीइतकं बेभरवशाचं राहिलेलं नाही. कारण न देता भाडेकरूला बाहेर काढायची मालकाची मुभा २०२५ च्या कायद्यानं काढून घेतली, १ मे २०२६ ही अंमलाची तारीख ठरली.

हे सगळं आत्ताच का सांगते आहे? कारण हॉवर्डचा प्रश्न तिथे पुन्हा ऐरणीवर आलाय. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारनं पाच वर्षांत पंधरा लाख घरांचं वचन दिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारी समितीनं बारा नव्या नगरांच्या जागा सुचवल्या, प्रत्येकी किमान दहा हजार घरांच्या. त्यातलं एक टेम्प्सफर्ड, लेचवर्थपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं एवढंसं खेडं. तिथे नवं स्टेशन व्हायचंय. घरांपैकी चाळीस टक्के परवडणारी असावीत, असं समिती म्हणते. पण जमीन कोणत्या भावानं घेणार? १९६१ पासून तिथे ‘पुढे भाव वाढेल’ या आशेचीही किंमत मालकाला मोजावी लागे. २०२३ च्या कायद्यानं काही सार्वजनिक योजनांसाठी ती न मोजता जमीन घेता येईल, अशी वाट केली.

इथे माझं मन दोन्हीकडे ओढतं. आपल्याकडे २०१३ च्या कायद्यानं ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला ठेवला, तो शेतकऱ्याला आधी फार लुबाडलं म्हणूनच. नवी मुंबईत सिडकोनं ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्यासाठी केवढं आंदोलन करावं लागलं! तिथला जमीनमालक म्हणजे बहुतेकदा आपला दोन एकरवाला नव्हे, शेकडो एकरांचा धनी किंवा आधीच करार करून बसलेला बिल्डर. त्याला लॉटरी लागण्यापेक्षा ते पैसे घरांत गेलेले मला बरे वाटतात. पण नुसतं स्वस्तात जमीन घेऊन भागणार नाही. टेम्प्सफर्डला घरं बांधून विकून टाकली, तर पंधरा वर्षांनी तिथलं ‘परवडणारं’ घरही लेचवर्थच्या दीडशे पौंडांच्या घरासारखंच होईल. निदान काही घरं कायमची भाड्याची, विकता न येणारी ठेवावी लागतील. लेचवर्थमध्ये १९११ साली निघालेली ‘हॉवर्ड कॉटेज सोसायटी’ अशीच भाड्याची घरं सांभाळते आहे, शंभर वर्षं उलटून गेली तरी.

ताईंनी प्लॉट अजून विकलेला नाही. पुण्याच्या फ्लॅटचं काय करायचं, ते तिथल्या वकिलाकडून लेखी विचारून घे, असं मुलीला फोनवर सांगितलंय. आणि प्लॉटसमोरच्या रस्त्याचं चौपदरीकरण सुरू झाल्यापासून इथले एजंट रोज फोन करतात, ते वेगळंच.